रसायनांच्या संपर्कातील माणसांच्या डीएनएची हानी कशी मोजावी

बेंझिनची वाफ, डांबराचा धूर, इथिलीन ऑक्साइड किंवा स्टायरिन ज्यांच्या श्वासातून रोज आत जाते असे कामगार, तसेच दूषित हवा आणि पाणी ज्यांना टाळता येत नाही अशा वस्त्यांतील माणसे यांच्या पेशींमध्ये काय घडत आहे, हे आजार दिसू लागण्याच्या कितीतरी आधी जाणून घेण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांच्या डीएनएची हानी मोजणे. रासायनिक संपर्कातून होणारा कर्करोग बहुधा अनेक वर्षांनी, कधी काही दशकांनी प्रकट होतो, आणि तोपर्यंत संपर्क थांबवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच या मोजमापाला महत्त्व आहे. मात्र ते नीट केले तरच उपयोगाचे ठरते. तुलनागट चुकीचा निवडला, रक्त चुकीच्या वेळी घेतले किंवा काचपट्ट्या कोणाच्या आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक असले, तर हाती येणारे आकडे कितीही सुबक दिसले तरी त्यांच्यावर कोणताही निर्णय उभा करता येत नाही. ही मार्गदर्शिका असा अभ्यास प्रथमच आखणाऱ्या संशोधकांसाठी, व्यवसायजन्य आरोग्याच्या क्षेत्रातील डॉक्टरांसाठी आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली आहे.

चाचणी निवडण्याआधी काळाचा विचार

प्रयोगशाळेत जी चाचणी बसलेली आहे तीच वापरायची, असा मोह सर्वत्र दिसतो. तो टाळावा. डीएनएच्या प्रत्येक प्रकारच्या हानीला तिचे स्वतःचे आयुष्य असते, आणि आपण कोणत्या काळातील संपर्काविषयी विचारत आहोत हे त्या आयुष्यावरून ठरते. डीएनएच्या एका धाग्यातील तुटी पेशी काही मिनिटांत ते काही तासांत जोडून टाकते. त्यामुळे कॉमेट चाचणीत, म्हणजे तुटलेला डीएनए विद्युतक्षेत्रात शेपटीसारखा ओढून हानी मोजणाऱ्या चाचणीत, दिसणारी हानी म्हणजे गेल्या काही तासांतील, फार तर काही दिवसांतील इजा आणि दुरुस्ती यांचा त्या क्षणीचा समतोल होय. याउलट रक्तातील काही लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वर्षानुवर्षे विभाजन न होता फिरत राहतात आणि त्यांच्यातील दुरुस्त न झालेली किंवा चुकीची दुरुस्त झालेली हानी पेशी संवर्धनात (प्रयोगशाळेत वाढवताना) विभाजित झाल्यावरच गुणसूत्रांच्या विकृतीच्या किंवा सूक्ष्मकेंद्रकाच्या (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या लहान केंद्रकाच्या) रूपाने दिसते. म्हणून गुणसूत्रांच्या विकृतींची आणि सूक्ष्मकेंद्रकांची अशा या दोन चाचण्या कित्येक महिन्यांच्या, कधी वर्षांच्या संपर्काची बेरीज सांगतात. रसायनाचा रेणू किंवा त्याचा क्रियाशील चयापचित पदार्थ (शरीरात त्याचे रूपांतर होऊन बनलेला पदार्थ) डीएनएला चिकटून जो अ‍ॅडक्ट तयार होतो, तो रसायनाची ओळख पटवतो, परंतु त्याचे आयुष्य कोणत्या पेशीत आणि डीएनएच्या कोणत्या जागी तो बसला आहे यावर अवलंबून असते. हिमोग्लोबिनवरील अ‍ॅडक्ट डीएनएची हानी दाखवत नाहीत, मात्र तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यभर ते टिकत असल्याने गेल्या चार महिन्यांतील संपर्काचा भरवशाचा हिशेब देतात.

समजा, एका कारखान्यात नवीन वायुवीजन यंत्रणा बसवली आहे आणि तिच्यामुळे कामगारांच्या संपर्कात फरक पडला का, हे महिन्याभरात जाणून घ्यायचे आहे. येथे सूक्ष्मकेंद्रकांची चाचणी हाती घेतल्यास जुन्या वर्षांची हानीच पुन्हा मोजली जाईल आणि यंत्रणा निरुपयोगी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू शकेल. कॉमेट चाचणी आणि मूत्रातील चयापचित पदार्थ यांची जोडी येथे योग्य ठरते. उलट, पंधरा वर्षे त्याच विभागात काम केलेल्यांवर काय परिणाम झाला असा प्रश्न असेल, तर सूक्ष्मकेंद्रकांकडे वळावे. शक्य असल्यास वेगवेगळ्या काळाचे दोन सूचक (मोजता येणाऱ्या खुणा) एकत्र वापरावेत. तिसरा आणि चौथा जोडण्यापूर्वी मात्र रक्ताचे प्रमाण, खर्च आणि नंतर होणाऱ्या संख्याशास्त्रीय तुलनांची संख्या यांचा विचार करावा.

रसायनाच्या स्वभावाचाही विचार येथेच व्हावा. फॉर्माल्डिहाइडसारखी रसायने डीएनए आणि प्रथिने यांना एकमेकांशी जखडून टाकतात. अशा वेळी नेहमीच्या कॉमेट चाचणीत डीएनएचे स्थलांतर वाढण्याऐवजी घटते, आणि हानी झालेल्या पेशी अधिक निरोगी दिसू लागतात. ज्याला हे ठाऊक नाही तो अशा निकालावरून कामगारांना धोका नाही असे सांगून बसेल. काही रसायने डीएनए तोडत नाहीत, तर विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंमध्ये बिघाड करतात. त्यांचा परिणाम कॉमेटमध्ये दिसत नाही, सूक्ष्मकेंद्रकात दिसतो.

तुलनागट आणि प्रश्नावली

माझ्या मते अशा अभ्यासाची गुणवत्ता प्रयोगशाळेपेक्षा तुलनागटात अधिक ठरते. कारखान्यातील यंत्रावर काम करणारे पुरुष आणि विद्यापीठातील तरुण विद्यार्थी यांची तुलना केल्यास वय, आहार, झोप, धूम्रपान, शारीरिक श्रम अशा सगळ्याच बाबतींत फरक निघणार आहे, आणि त्यातला किती वाटा रसायनाचा हे कोणालाही सांगता येणार नाही. तुलनेसाठी त्याच परिसरातील, तशाच आर्थिक आणि सामाजिक स्थितीतील, तशाच श्रमाचे परंतु त्या रसायनाशी संबंध नसलेले काम करणारे लोक शोधावेत. वय आणि लिंग यांची जुळणी तर व्हायलाच हवी. सूक्ष्मकेंद्रकांची संख्या वयाबरोबर वाढते आणि स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा जास्त आढळते, कारण एक्स गुणसूत्र मागे पडण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते. संपर्क असलेल्या गटाचे सरासरी वय पाच-सात वर्षांनी जास्त असेल, तर तेवढ्यावरूनही खोटा फरक दिसू शकतो.

केवळ दोन गटांची तुलना करण्यापेक्षा कमी, मध्यम आणि जास्त संपर्क असलेल्या लोकांचा एकत्र अभ्यास करून संपर्क वाढतो तशी हानी वाढते का, हे पाहणे कधीही श्रेयस्कर. असा चढता क्रम दिसला तर त्याचे दुसरे स्पष्टीकरण शोधणे अवघड जाते.

प्रश्नावली सोप्या भाषेत असावी आणि प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून भरून घ्यावी. तिच्यात कामाचा पूर्ण इतिहास, आधीच्या नोकऱ्यांतील संपर्क, हातमोजे आणि मास्क प्रत्यक्षात किती वेळ वापरले जातात, धूम्रपान, तंबाखू चघळणे, मद्यपान, चालू औषधे, गेल्या काही महिन्यांतील क्ष-किरण तपासण्या आणि सीटी स्कॅन, अलीकडचा ताप किंवा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, रात्रपाळी, आदल्या दिवशीचे असाधारण कष्ट आणि आहार यांची नोंद असावी. आहाराचा प्रश्न वरवरचा समजू नये. फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर सूक्ष्मकेंद्रके रसायनाशिवायही वाढतात, आणि ज्या समाजघटकांना घातक कामे करावी लागतात त्यांच्यातच ही कमतरता बहुधा अधिक असते. शक्य असल्यास रक्तातील या दोन जीवनसत्त्वांची पातळी मोजूनच घ्यावी. मास्क वापरता का, असे विचारण्यापेक्षा काल पाळीच्या किती तासांत मास्क तोंडावर होता, असे विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

कर्करोगावर केमोथेरपी किंवा रेडिओथेरपी घेतलेल्या व्यक्तींना अभ्यासातून वगळावे. बाकी निकष सुरुवातीलाच लिहून ठेवावेत, कारण निकाल पाहिल्यानंतर कोणाला वगळायचे हे ठरवू लागले की अभ्यासाची विश्वासार्हता संपते.

संपर्काचे मोजमाप

व्यक्ती त्या विभागात काम करते एवढ्या माहितीवर तिला संपर्क असलेल्या गटात टाकणे पुरेसे नाही. एकाच छपराखाली दोन कामगारांचा संपर्क कितीतरी पटींनी वेगळा असू शकतो. कॉलरजवळ लावलेल्या वैयक्तिक नमुनायंत्राने संपूर्ण पाळीभर श्वासाच्या कक्षेतील हवा तपासावी आणि जोडीला शरीरात शिरलेल्या रसायनाचे जैवसूचक मोजावे. बेंझिनसाठी मूत्रातील एस-फेनिलमर्कॅप्ट्युरिक आम्ल, बहुचक्रीय अरोमॅटिक हायड्रोकार्बनांसाठी १-हायड्रॉक्सीपायरीन, स्टायरिनसाठी मँडेलिक आणि फेनिलग्लायॉक्झिलिक आम्ल, इथिलीन ऑक्साइडसाठी हिमोग्लोबिनच्या व्हॅलिनवरील अ‍ॅडक्ट हे परिचित सूचक आहेत. बेंझिनसाठी मूत्रातील ट्रान्स-ट्रान्स म्युकॉनिक आम्लही मोजले जाते, परंतु पदार्थ टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉर्बिक आम्लापासूनही ते शरीरात तयार होते. त्यामुळे संपर्क कमी पातळीचा असेल तर त्यावर विसंबू नये. त्याचप्रमाणे निखाऱ्यावर भाजलेले मांस आणि सिगारेट यांच्यामुळे १-हायड्रॉक्सीपायरीन वाढते.

त्वचेचा मार्ग विसरला जातो, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. द्रावके, कीटकनाशके आणि डांबरातील संयुगे यांचा मोठा भाग त्वचेतून आत जाऊ शकतो. हवेतील पातळी कमी असूनही मूत्रातील सूचक वाढलेला दिसला, तर सर्वप्रथम हात, कपडे आणि हातमोज्यांची स्थिती पाहावी.

नमुने घेण्याची पद्धत

मूत्राचा नमुना पाळी संपताना, आणि रसायन शरीरात साठत जाणारे असल्यास आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर घ्यावा. रक्त सर्व सहभागींकडून दिवसाच्या साधारण एकाच वेळी घ्यावे. संवर्धनाच्या चाचण्यांसाठी रक्ताची गुठळी होऊ न देणारे हेपॅरिन असलेली नळी वापरावी. कॉमेटसाठी हेपॅरिन किंवा तसेच गुठळी रोखणारे ईडीटीए दोन्ही चालतात, फक्त एकाच अभ्यासात सर्वांसाठी एकच प्रकार ठेवावा. संवर्धनासाठीचे रक्त थंडीने कधीही गोठू देऊ नये आणि २४ तासांच्या आत संवर्धन सुरू करावे. कॉमेटसाठीचे रक्त थंड आणि अंधारात ठेवावे. ताबडतोब प्रक्रिया करणे शक्य नसेल तर संपूर्ण रक्ताचे छोटे भाग करून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवता येते, परंतु ही पद्धत वापरण्याआधी आपल्या प्रयोगशाळेत ताजे आणि गोठवलेले असे एकाच व्यक्तीचे नमुने शेजारी शेजारी तपासून फरक पडत नाही याची खात्री करावी. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवू नये.

रक्त घेतल्याक्षणी नळीवर सांकेतिक क्रमांक चिकटवावा, आणि क्रमांक व नाव यांची यादी प्रयोगशाळेबाहेरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. संपर्क असलेल्यांचे आणि तुलनागटाचे नमुने मिसळूनच रोज गोळा करावेत आणि एकाच तुकडीत चालवावेत. सोमवार ते बुधवार कारखान्यातले नमुने आणि पुढच्या आठवड्यात तुलनागटाचे, अशी सोयीची विभागणी केली तर नवीन द्रावण, बदललेले तापमान किंवा वेगळ्या तंत्रज्ञाचा हात यांमुळे पडलेला फरक रसायनाच्या माथी मारला जातो आणि नंतर कोणत्याही गणिताने तो वेगळा काढता येत नाही. ऋतूंचाही परिणाम होतो. म्हणून उन्हाळ्यात एक गट आणि हिवाळ्यात दुसरा असे करू नये.

कॉमेट चाचणी

क्षारीय कॉमेट चाचणी १९८८ साली नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि मानवी अभ्यासांत तीच सर्वाधिक वापरली जाते. तिचे तत्त्व असे की पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात अडकवून त्यांचे पटल आणि प्रथिने विरघळवली की केंद्रकातील डीएनए गुंडाळलेल्या वेटोळ्यांच्या रूपात शिल्लक राहतो. वेटोळ्यात तूट असेल तर त्यातील ताण सुटतो आणि विद्युतक्षेत्रात तो भाग धन ध्रुवाकडे सरकून शेपटी तयार करतो. शेपटीतील डीएनएचे शेकडा प्रमाण हे तुटींचे माप होय.

काचपट्टीवर आधी १ टक्का साध्या अगारोजचा थर वाळवून घ्यावा. ३७ अंश सेल्सिअसवर ठेवलेल्या कमी वितळणबिंदूच्या अगारोजमध्ये पेशी मिसळाव्यात. अगारोजचे अंतिम प्रमाण ०.५ ते ०.७ टक्के आणि एका जेलमध्ये साधारण १० ते २० हजार पेशी असाव्यात. अगारोजचे प्रमाण बदलले की शेपटीची लांबी बदलते, म्हणून पाण्याचे बाष्पीभवन होऊन ते नकळत घट्ट होणार नाही याची काळजी घ्यावी. जेल थंडीत घट्ट झाल्यावर काचपट्ट्या लायसिस (पेशी विरघळवणाऱ्या) द्रावणात, म्हणजे २.५ मोलर सोडियम क्लोराइड, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १० आणि ऐन वेळी घातलेला १ टक्का ट्रायटन एक्स-१०० यांत, ४ अंशांना किमान एक तास ठेवाव्यात.

केवळ तुटींवर समाधान न मानता ऑक्सिडीकृत बेसही (ऑक्सिडीकरणाने बिघडलेले डीएनएचे घटकही) मोजावेत, असे मी आग्रहाने सुचवीन, कारण पर्यावरणातील पुष्कळ रसायने आणि सूक्ष्म धूलिकण ऑक्सिडीकरणाच्या मार्गानेच इजा करतात. त्यासाठी लायसिसनंतर काचपट्ट्या धुऊन जेलवर एफपीजी हे एन्झाइम ३७ अंशांना सुमारे ३० मिनिटे ठेवतात. ते ऑक्सिडीकृत ग्वानिन (डीएनएच्या चार बेसपैकी एक) ओळखून तेथे तूट निर्माण करते. एन्झाइमचे प्रमाण प्रत्येक नव्या बॅचसाठी पुन्हा ठरवावे लागते. प्रमाण कमी पडले तर हानी कमी दिसते, आणि जास्त झाले तर एन्झाइम निरोगी डीएनएही कापू लागते. दुसरी जेल एन्झाइमशिवाय केवळ बफरमध्ये ठेवावी, आणि दोन्हींतील फरक हीच ऑक्सिडीकृत बेसची संख्या मानावी.

त्यानंतर ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीए यांच्या द्रावणात, पीएच १३ पेक्षा अधिक असताना, २० ते ४० मिनिटे धागे उलगडू द्यावेत आणि त्याच द्रावणात २० ते ३० मिनिटे विद्युतप्रवाह द्यावा. व्होल्टेज टाकीच्या दोन तारांमध्ये नव्हे, तर काचपट्ट्या जिथे ठेवल्या आहेत त्या पाटावर मोजावे. तेथे ते दर सेंटिमीटरला ०.७ ते १ व्होल्टच्या दरम्यान असावे. द्रावणाची पाटावरील खोली थोडीशी बदलली तरी हा आकडा बदलतो, म्हणून द्रावण दर वेळी मोजूनच ओतावे. टाकी थंड ठेवावी. पुढे काचपट्ट्या उदासीन करून सायबर गोल्ड किंवा डीएपीआय यांसारख्या रंगद्रव्याने रंगवाव्यात. इथिडियम ब्रोमाइड वापरत असल्यास ते स्वतःच उत्परिवर्तक असल्याचे लक्षात ठेवून हातमोजे घालावेत आणि त्याची विल्हेवाट नियमानुसार लावावी.

प्रत्येक नमुन्याच्या किमान दोन जेल आणि प्रत्येक जेलवर किमान ५० पेशी मोजाव्यात. कडा आणि हवेचे बुडबुडे टाळावेत, आणि मोजायच्या पेशी आकर्षक शेपटी पाहून निवडू नयेत, तर जेलवर ठरावीक मार्गाने सरकत जे समोर येईल ते मोजावे. संगणकीय प्रणाली नसेल तर शेपटीनुसार ० ते ४ असे वर्ग लावून १०० पेशींची बेरीज ० ते ४०० या मोजपट्टीवर देता येते. प्रशिक्षित डोळ्याने केलेले हे वर्गीकरण चांगले टिकते. जवळजवळ सर्व डीएनए शेपटीत गेलेल्या पेशी मृतच आहेत असे गृहीत धरून त्यांना टाकून देऊ नये. त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी.

रोजच्या प्रत्येक फेरीत संदर्भ नमुने असणे अनिवार्य समजावे. एकाच दात्याच्या किंवा प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशीवंशाच्या (सेल लाइनच्या) पेशींचा मोठा साठा करून त्यांचे छोटे भाग गोठवावेत, काहींना आधीच हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा क्ष-किरणांची ठरावीक मात्रा द्यावी, आणि दर फेरीत एक हानी नसलेला व एक हानी केलेला भाग चालवावा. एफपीजीसाठी पोटॅशियम ब्रोमेट दिलेल्या पेशी उपयोगी पडतात. संदर्भ नमुन्याचा आकडा आधी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर ती संपूर्ण फेरी बाद करावी, मग सहभागींचे निकाल कितीही अपेक्षेप्रमाणे आले असोत.

सूक्ष्मकेंद्रकांची चाचणी

गुणसूत्राचा तुटलेला तुकडा किंवा विभाजनात मागे राहिलेले संपूर्ण गुणसूत्र मुख्य केंद्रकात न जाता स्वतंत्र लहान केंद्रक बनवते. हे फक्त एकदा विभाजित झालेल्या पेशीतच मोजायला हवे, आणि १९८५ साली मायकेल फेनेक आणि ॲलेक मॉर्ली यांनी सुचवलेल्या पद्धतीने ते शक्य झाले: सायटोकॅलासिन-बी घातल्यास केंद्रकाचे विभाजन होते पण पेशी दुभंगत नाही, आणि दोन केंद्रके असलेली पेशी सहज ओळखता येते.

संपूर्ण रक्त सुमारे दहापट पोषक माध्यमात, गर्भस्थ वासराच्या रक्तद्रवासह मिसळून फायटोहिमॅग्लुटिनिनने लिम्फोसाइटना विभाजनास प्रवृत्त करावे आणि ३७ अंशांना ठेवावे. ४४ व्या तासाला सायटोकॅलासिन-बी घालावे. संपूर्ण रक्ताच्या संवर्धनात मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम ही मात्रा रूढ आहे. ७२ व्या तासाला पेशी काढून, पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणाने तांबड्या पेशी फोडून, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात स्थिर करून काचपट्टीवर पसरावे आणि गिम्साने रंगवावे. प्रत्येक व्यक्तीची दोन संवर्धने असावीत.

मोजताना सूक्ष्मकेंद्रकाचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक सोळांश ते एक तृतीयांश असावा, रंग मुख्य केंद्रकासारखा असावा, ते त्याला जोडलेले नसावे आणि प्रकाश परावर्तित करून चमकणारे नसावे, हे निकष काटेकोर पाळावेत. दोन केंद्रकांना जोडणारे पूल आणि केंद्रकाला फुटलेल्या कळ्या यांचीही नोंद करावी. पूल चुकीच्या दुरुस्तीची खूण असतात. संपर्क नसलेल्या प्रौढांत हजार द्विकेंद्रकी पेशींमागे साधारण ३ ते १२ सूक्ष्मकेंद्रकयुक्त पेशी सापडतात. येथे थोडे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. खरी संख्या हजारी ६ असेल आणि आपण १,००० पेशी मोजल्या, तर केवळ योगायोगाने होणारे विचलन सुमारे २.४ पेशींचे, म्हणजे ४० टक्क्यांचे असते. २,००० पेशी मोजल्या तर ते सुमारे २९ टक्क्यांवर येते. एवढी अनिश्चितता असलेल्या आकड्यावरून एका व्यक्तीविषयी काही ठामपणे बोलणे अन्यायाचे होईल. गटाची सरासरी मात्र पुरेशा लोकांत स्थिर होते. सूक्ष्मकेंद्रक तुकड्याचे आहे की संपूर्ण गुणसूत्राचे, हे सेंट्रोमिअरला (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते त्या जागेला) चिकटणाऱ्या प्रकाशमान प्रोबने कळते, आणि रसायनाची कार्यपद्धती ठरवण्यासाठी ही माहिती फार मोलाची असते.

रक्त घेणे शक्य नसेल, किंवा संपर्क मुख्यतः श्वासातून अथवा तोंडावाटे होत असेल, तर गालाच्या आतील पेशी उपयोगी पडतात. तोंड पाण्याने धुऊन दोन्ही गालांच्या आतून मऊ ब्रशने पेशी घ्याव्यात, बफरमध्ये धुवाव्यात आणि फ्योल्गेनसारख्या केवळ डीएनएला लागणाऱ्या रंगाने रंगवाव्यात. गिम्सा येथे वापरू नये, कारण केराटिनचे कण आणि जिवाणू त्याने रंगून सूक्ष्मकेंद्रकांसारखे दिसतात. हानी तळाच्या विभाजनशील थरात होते आणि त्या पेशी पृष्ठभागावर यायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यानुसार नमुन्याची तारीख ठरवावी. निरोगी व्यक्तीत येथे हजारी जेमतेम एक सूक्ष्मकेंद्रक असते. म्हणून १,००० पेशींत शून्य मिळणे अगदी स्वाभाविक आहे आणि किमान २,००० पेशी मोजणे गरजेचे ठरते.

अ‍ॅडक्ट आणि ऑक्सिडीकृत बेस यांचे रासायनिक मापन

किरणोत्सारी फॉस्फरस-३२ वापरून केलेली पोस्टलेबलिंग पद्धत काही मायक्रोग्रॅम डीएनएमधून अब्जावधी न्यूक्लिओटाइडमागे एक अ‍ॅडक्टही दाखवू शकते, पण तो कोणत्या रसायनाचा हे ती निश्चित सांगत नाही. ओळख पटवायची असेल तर द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोड लागते. ऑक्सिडीकृत ग्वानिन थेट डीएनएमधून मोजताना एक जुना धडा विसरू नये. युरोपातील अनेक प्रयोगशाळांनी एकच नमुने वाटून घेऊन तपासले तेव्हा त्यांच्या आकड्यांत प्रचंड तफावत निघाली, कारण डीएनए वेगळा काढतानाच हवेतील ऑक्सिजनने तो खराब होत होता आणि ती कृत्रिम हानी माणसाच्या नावावर जमा होत होती. मूत्रातील ८-ऑक्सोडीजी (ऑक्सिडीकृत ग्वानिनचे मूत्रावाटे बाहेर पडणारे रूप) मोजल्यास ही अडचण टळते. मात्र त्यासाठीही मास स्पेक्ट्रोमेट्री वापरावी. प्रतिपिंडांवर आधारित संच इतर संयुगांनाही प्रतिसाद देऊन आकडा फुगवतात. गोठवलेल्या मूत्रात गाळ बसला असल्यास नमुना ३७ अंशांपर्यंत गरम करून तो विरघळवून घ्यावा, आणि निकाल क्रिएटिनिनच्या (मूत्र किती दाट आहे हे दाखवणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात द्यावा.

आकड्यांचे विश्लेषण

विश्लेषणाचे एकक व्यक्ती आहे, पेशी नव्हे. चाळीस माणसांच्या प्रत्येकी शंभर पेशी मोजल्या म्हणजे चार हजार स्वतंत्र निरीक्षणे झाली असे समजून केलेली चाचणी जवळपास कोणत्याही दोन गटांत फरक दाखवेल. कॉमेटमध्ये प्रत्येक जेलची मध्यका (मीडियन) आणि जेलांची सरासरी काढून प्रत्येक व्यक्तीमागे एकच आकडा वापरावा. सूक्ष्मकेंद्रकांसाठी पॉइसाँ किंवा निगेटिव्ह बायनोमियल समाश्रयण (रिग्रेशन) योग्य ठरते, कारण ही मोजदाद आहे आणि तिचे वितरण एका बाजूला झुकलेले असते. वय, लिंग, धूम्रपान आणि प्रयोगाची फेरी हे घटक प्रतिमानात (मॉडेलमध्ये) आधीपासून ठेवावेत. कोणते घटक ठेवायचे हे पी-मूल्य (योगायोगानेही एवढा फरक दिसण्याची शक्यता) पाहून ठरवू नये. निकाल देताना गटांतील फरक आणि त्याची विश्वास-मर्यादा (खरा फरक ज्या पल्ल्यात असू शकतो तो पल्ला) सांगावी, केवळ फरक लक्षणीय आहे किंवा नाही एवढेच सांगू नये. सहभागींची संख्या अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीतून मिळालेल्या विचलनावरून ठरवावी. लहान अभ्यासात फरक आढळला नाही, तर संपर्क सुरक्षित आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. किती मोठा फरक त्या अभ्यासाला दिसू शकला असता, ते लिहावे.

निकालाचा अर्थ आणि तो सांगण्याची जबाबदारी

दहा देशांतील ६,७१८ व्यक्तींच्या माहितीवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात लिम्फोसाइटमधील सूक्ष्मकेंद्रके जास्त असलेल्या गटांत पुढे कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. गुणसूत्रांच्या विकृतींबाबतही असाच संबंध त्याआधी दिसला होता. हे पुरावे गटांविषयीचे आहेत. एखाद्या कामगाराचा आकडा जास्त आला म्हणून त्याला कर्करोग होईल असे नाही आणि कमी आला म्हणून तो सुरक्षित आहे असेही नाही. ही गोष्ट संमतिपत्रात, रक्त घेताना आणि निकाल देताना अशी तीनदा सांगावी, आणि ती सहभागीच्या भाषेत सांगावी.

संमती मालकाच्या किंवा पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत घेऊ नये, कारण तेथे नकार देण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते. वैयक्तिक निकाल फक्त त्या व्यक्तीला, तिने मागितल्यास, द्यावा. व्यवस्थापनाला गटाची एकत्रित माहिती मिळावी आणि तीही कोणी ओळखू येणार नाही अशा स्वरूपात. हानी जास्त दिसलेल्या माणसाला कामावरून काढणे हा या मोजमापाचा सर्वात वाईट उपयोग आहे, आणि तो होऊ नये यासाठी लेखी करार अभ्यास सुरू होण्यापूर्वीच झालेला असावा.

गटाची हानी वाढलेली आढळली, तर पर्यायी रसायन, बंदिस्त यंत्रणा, स्थानिक वायुवीजन, पाळ्यांची फेररचना आणि शेवटी वैयक्तिक साधने या क्रमाने संपर्क कमी करण्याच्या उपायांची शिफारस निकालासोबतच द्यावी. उपाय अमलात आल्यानंतर त्याच व्यक्तींचे, त्याच ऋतूत, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने पुन्हा नमुने घ्यावेत: संपर्काचे सूचक आणि कॉमेट काही आठवड्यांनी, सूक्ष्मकेंद्रके साधारण वर्षभराने. पहिल्या फेरीतील गोठवलेले संदर्भ नमुने यासाठी राखून ठेवलेले असावेत, म्हणजे दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जोडता येतील.